स्लाइड क्र. ७ : सहा आठवडे रेषेच्या चुकीच्या बाजूला

जागा सापडली! स्लाइड ७ चा फोटो जिथून काढला होता, ती. कालपासून हे कुणाला सांगू असं झालंय, म्हणून महिनाअखेरची वाट न बघता आजच नोंद लिहायला बसले.

स्लाइड ७ तुम्हाला आठवत असेलच, माझ्या पेटीतल्या अकरा जुन्या स्लाइडपैकी एक. सव्वातीन बाय चार इंचाची लँटर्न स्लाइड (पडद्यावर चित्र दाखवायची काच), कॅनडातल्या सॅस्काचेवान विद्यापीठाची गव्हाची प्रयोगशेती, वाफ्यांच्या मध्ये उभी सात माणसं. मागे सपाट प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदान, आणि क्षितिजावर फक्त दोन खुणा: डावीकडे दगडी बार्नचं (शेतावरच्या गोठा-कोठाराचं) छप्पर, उजवीकडे कॉलेज बिल्डिंग. छायाचित्रकार जिथे उभा होता तिथे उभं राहून आजचा फोटो काढायचा, एवढंच काम. डोंगराच्या गावात हे दोन तासांत होतं. निफाडला माझ्या माहेरी कुठेही उभी राहिले तरी सह्याद्रीची रांग दिशा सांगते. इथे, विद्यापीठाच्या सॅस्काटून गावात, क्षितिज म्हणजे पट्टीने मारलेली रेघ. धरायला त्या दोन इमारतींशिवाय काही नाही.

पद्धत नेहमीचीच. दोन्ही इमारतींची फोटोतली रुंदी मोजायची, उपग्रह नकाशावरून खरी रुंदी काढायची. त्यातून छायाचित्रकाराच्या दोघींपासूनच्या अंतरांचं गुणोत्तर मिळतं, आणि त्या गुणोत्तरात बसणारे सगळे बिंदू एका वर्तुळावर येतात. मग दोघींमधली मोकळी फट बार्नच्या किती पट आहे ते बघून दुसरं वर्तुळ. ही लेन्सवर न विसंबण्याची युक्ती मला फार आवडते, कारण लँटर्न स्लाइड ही मूळ निगेटिव्हवरून अनेकदा लहान करून घेतलेली प्रत असते, कडाही कापलेल्या असतात, आणि मूळ लेन्स कुठली होती हे कळायला मार्ग नसतो. दोन वर्तुळं छेदतात दोन ठिकाणी. ते दोन बिंदू म्हणजे बार्न आणि बिल्डिंग जोडणाऱ्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. खरा कुठला ते डावं-उजवं बघून ठरवायचं.

डावीकडे बार्न. म्हणून मी एक बिंदू निवडला आणि सहा आठवडे तिथेच घुटमळले.

तिथून काहीच जुळत नव्हतं. छपराचा उतार उलट दिसायचा. मी त्याचा दोष जुन्या लेन्सच्या वक्रतेला दिला. मग वाटलं, फोटो शिडीवरून काढलाय. मग प्रतच तिरकी घेतलीय असं वाटलं. प्रत्येक शंकेसाठी नवी मोजमापं, प्रत्येक मोजमापासाठी एक शनिवार.

मागच्या नोंदीखाली दोघांनी विचारलं होतं, "स्लाइड उलटी तर नाही?" मी ठामपणे नाही म्हणाले होते. पुरावा होता ना! सगळ्यात पुढे उभ्या माणसाच्या लांब कोटाची बटणं. पुरुषांच्या कोटाचा डावा पदर वर असतो, बायकांच्या कोटाचा उजवा. फोटोत डावा पदर वर होता. त्या दोघांची मी मनापासून माफी मागते. तुमचं बरोबर होतं.

झालं असं की मंगळवारी रात्री २४०० डीपीआयच्या स्कॅनवर धुळीचे ठिपके पुसत बसले होते. ठिपका म्हणून जो पुसायला गेले, तो लांब कोटवाल्याच्या टोपीखालून आलेल्या अंबाड्याचा आकडा निघाला. ती बाई आहे! मग मागच्या तीन पुरुषांकडे नीट पाहिलं. तिघांच्या कोटांचे वरचे खिसे उजव्या छातीवर. एका शिंप्याची लहर म्हणून एक कोट समजू शकतो, तीन कोट नाही. चित्र आडवं उलटवलं, दुसऱ्या बिंदूवरून छपराचा उतार काढून बघितला आणि तो चपखल बसला. रात्री सव्वा वाजता नवऱ्याला उठवून दाखवलं.

साधी ग्लास निगेटिव्ह असती तर ही चूक घडलीच नसती. तिची इमल्शनची, म्हणजे चित्र उमटलेल्या थराची, बाजू निस्तेज आणि काचेची बाजू चकचकीत असते, आणि काचेच्या बाजूने बघितलं की चित्र सुलटं दिसतं. लँटर्न स्लाइडमध्ये मात्र इमल्शनवर दुसरी काच बसवून कडेने टेप लावलेली असते, दोन्ही बाजू चकचकीत. म्हणून तर अंगठ्याची टिकली, म्हणजे बाजू ओळखायची छोटी खूण, लावायची पद्धत होती: स्लाइड हातात सुलटी धरली की टिकली डावीकडे खालच्या कोपऱ्यात. माझ्या पेटीतल्या अकराही स्लाइडना कुणीतरी नवी टेप मारून टिकल्या घालवल्यात. विकणाऱ्याने त्यांचं "पूर्ण नूतनीकरण" केल्याचं लिहिलं होतं. नव्याने बांधलेल्या स्लाइडला जास्त पैसे देऊ नका, हे माझं पक्कं मत झालंय. जुनी, उसवलेली कागदी टेप परवडली, ती खरं बोलते. बांधायचीच तर फिल्मोप्लास्ट पी९० ही कागदी टेप वापरा, आणि टिकलीचा फोटो आधी घ्या. सुती हातमोजे काचेवर घसरतात, नायट्राइलचेच बरे.

सावल्या असत्या तरीही हे पहिल्याच दिवशी सुटलं असतं. इथे अक्षांश ५२, सूर्य ऐन जूनमध्येही साधारण ६१ अंशांच्या वर चढत नाही आणि दुपारी तो दक्षिणेलाच असतो. आपल्याकडच्यासारखा वर्षातून दोनदा डोक्यावर येऊन सावली गायब करत नाही. पण फोटो ढगाळ दिवसाचा आहे.

आता काळाबद्दल थोडं. विद्यापीठ स्थापन झालं १९०७ साली, वर्ग भरू लागले १९०९ मध्ये, तेही गावातल्या एका व्यापारी इमारतीत. कॉलेज बिल्डिंगची कोनशिला कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान लॉरिए यांनी २९ जुलै १९१० ला बसवली आणि इमारत १९१३ मध्ये खुली झाली. स्लाइडमध्ये ती छपरासकट पूर्ण दिसते. कपड्यांवरून पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा काळ वाटतो. पुढच्या वाफ्यातल्या लोंब्या बिनकुसळाच्या आहेत, आणि त्या काळी प्रेअरीभर मार्क्विस जातीचा गहू होता, तोही बिनकुसळाचा. कुसळांचा गहू बघत वाढलेल्या मला त्या लोंब्या बोडक्या वाटतात. १९१६ च्या तांबेरा रोगाने (गेरव्याने) हाच मार्क्विस झोपवला. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या गव्हाच्या आनुवंशिकतेवर डब्ल्यू. पी. थॉम्प्सन यांनी याच विद्यापीठात काम केलं. पुढे ते तिथले अध्यक्ष झाले. महाबळेश्वरच्या गेरवा केंद्राशेजारून किती वेळा गेलेय मी, आणि तांबेऱ्याबद्दल पहिल्यांदा मन लावून वाचलं ते इथे येऊन, या काचेमुळे.

काल खऱ्या बिंदूवर गेले. रस्त्याकडेचं गवत, पुढे कुंपण. कॉलेज बिल्डिंग दिसत नाही, मधल्या शंभर वर्षांच्या इमारती आड येतात. बार्न मात्र तिथेच आहे. त्याच्या छपराची कड स्लाइडशी जुळवत दोन पावलं डावीकडे, अर्धं पाऊल मागे सरकत गेले, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन्ही रेषा एकावर एक बसल्या. वारा भयंकर होता, ट्रायपॉड धरून पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

पुढचा बेत १९५१ च्या, कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या कोबाल्ट-६० यंत्राच्या फोटोंचा होता. हॅरॉल्ड जॉन्स आणि तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या सिल्व्हिया फेडोरुक यांच्या गटाचं यंत्र, पहिला रुग्ण ८ नोव्हेंबरला. तो पुढे ढकलतेय. कारण हे लिहिताना लक्षात आलं की अकराही स्लाइड एकाच हाताने बांधल्यात, म्हणजे उरलेल्या दहाही तपासायला हव्यात. स्लाइड ४ तर मी इथे टाकलीसुद्धा आहे, हॉकी खेळणाऱ्या मुलींची. स्टिक कुठल्या बाजूला धरलीय यावरून ठरणार नाही, कॅनडात डावीकडून मारणारेच जास्त. त्या मुलींच्या अंगात स्वेटर आहेत, बटणं नाहीत. उजव्या कडेला बाकावर एक माणूस बसलाय, त्याच्या कोटापासून सुरुवात करते. स्लाइड ४ कुणी उतरवून घेतली असेल तर तूर्त वापरू नका.

आणि गव्हाच्या लोंब्या भरलेल्या असतील तेव्हा ऑगस्टमध्ये खऱ्या बिंदूवर पुन्हा जायचंय, एखादा ढगाळ दिवस बघून.