आमची वाटचाल : स्क्रबपासून आम्लाच्या लोशनपर्यंत

आमच्या कंपनीची उत्पादनं दोन, आणि दोन्हींचं काम एकच: त्वचेवरच्या मृत पेशी काढणं. एक दाणेदार स्क्रब, दुसरं लावून तसंच ठेवायचं ग्लायकोलिक आम्लाचं लोशन. "यातलं चांगलं कुठलं?" हा ग्राहकांचा ठरलेला प्रश्न. लेबलं शेजारी ठेवल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

सुरुवात स्क्रबने केली, कारण तो बनवायला सोपा. क्रीमचा बेस जमला की प्रश्न उरतो दाण्यांचा. एकेकाळी पॉलिइथिलीन या प्लास्टिकचे मणी सर्रास वापरले जात: गोल, एकसारखे, स्वस्त. पण ते सांडपाण्यातून पुढे नदी-समुद्रात जातात. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत असे मणी घालायला २०१७ पासून बंदी आली. मग अक्रोडाच्या कवचाची पूड पुढे आली. 'नैसर्गिक' म्हटलं की माल विकायला सोपा जातो, पण दळलेल्या कवचाच्या कणांना कोपरे राहतात. आम्ही जोजोबा एस्टरचे मेणासारखे गोल दाणे घेतले. महाग पडतात, पण टोचत नाहीत. स्क्रबच्या लेबलवर बाकी सांगण्यासारखं फारसं नाही.

लोशनची गोष्ट वेगळी. इथे घासणं नाही. आम्ल मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं. आणि इथेच लेबल वाचणारा सगळ्यात जास्त फसतो. सगळ्यांचं लक्ष टक्क्यांवर, आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) किती हे बहुतेक कंपन्या छापतच नाहीत. पीएच ३.८ च्या आसपास असेल तर ग्लायकोलिक आम्लाचा साधारण निम्मा भाग मुक्त स्वरूपात असतो, आणि काम मुख्यतः तोच करतो. पीएच ४.८ वर गेला की हा भाग जेमतेम दहा टक्के उरतो. म्हणजे बाटलीवर 'दहा टक्के' लिहिलेलं लोशन पाच टक्क्यांच्या लोशनपेक्षा सौम्य असू शकतं. घटकयादीत सोडियम हायड्रॉक्साइड दिसलं की घाबरू नका, ते पीएच वर आणायला घातलेलं असतं. पण कुठवर आणला, ते यादी सांगत नाही. म्हणून आम्ही टक्केवारीच्या खालीच पीएच छापतो. वितरक म्हणाले, लोक गोंधळतील. गोंधळू देत, विचारतील तरी.

या पीएचने आमचा जेलचा बेसही बदलायला लावला. कार्बोमर, म्हणजे जेल घट्ट करणारा नेहमीचा घटक, इतक्या आम्लात घट्टच होत नाही, पातळ पाणी राहतं. झँथन गम या दुसऱ्या घट्ट करणाऱ्या घटकावर यावं लागलं. तो किंचित ओशट लागतो, पण टिकतो.

यादी वाचायची एक खूण सांगतो. बहुतेक ठिकाणी घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही मांडता येतात. त्यामुळे वनस्पतींचे अर्क सुगंधाच्या आधी दिसले, तरी ते भरपूर आहेत असं नव्हे.

तर उत्तर: हाताने जोर देऊन घासायची सवय असेल, तर स्क्रब घेऊच नका. लोशन घेतलंत तर दिवसा सनस्क्रीन हवंच, कारण अशा आम्लांनी त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते. आणि दोन्ही एकाच दिवशी नको. हे आम्ही विक्रीचं नुकसान सोसून सांगतो.

तेलकट त्वचेचे ग्राहक आता सॅलिसिलिक आम्ल मागतात. मागणी बरोबर आहे: ते तेलात मिसळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रांत उतरू शकतं. पण पाण्यात ते फार थोडं विरघळतं. नमुना थंडीत ठेवला की तळाशी स्फटिक बसतात. ग्लायकॉल (ते विरघळवणारा द्रव) वाढवलं की स्फटिक जातात आणि चिकटपणा येतो. दोन्हींचा मेळ अजून बसलेला नाही.