न दुखणारा पाय

मार्चमधला सोमवार होता. ओपीडी संपत आली होती. आत आले ते ५२ वर्षांचे एसटीचे वाहक, ड्यूटीवरून थेट, खाकी गणवेशातच. पायात कॅनव्हासचे बूट. उजव्या बुटाची नाडी काढून टाकलेली आणि मागची बाजू टाचेखाली दाबून त्याची चप्पल केलेली. सोबत मुलगी, तिच्या हातात एमआरआयचं मोठं पाकीट.

"मॅडम, गुडघ्याखालून पाय काढायला सांगितलाय," ती बसायच्या आधीच म्हणाली. "हाडात इन्फेक्शन शिरलंय म्हणे. तीन आठवडे सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं, सूज हलली नाही. आणि पप्पा परवापासून परत ड्यूटीवर."

"दुखतच न्हाई, तर काढायचा कशाला?" ते म्हणाले.

दुखत नाही, हे त्यांनी पुढच्या पाच मिनिटांत चार वेळा सांगितलं. मला भीती वाटत होती ती त्याचीच.

मी खाली स्टुलावर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घ्यायला गेले, तर त्यांनी तो झटकन मागे घेतला. "पायाला हात नका लावू मॅडम." रोज दहा जण तरी असं करतात. वयाने मोठ्या माणसाला डॉक्टरनं आपल्या पायाशी बसलेलं पाहवत नाही. "काका, माझं सगळं कामच इथं आहे," असं म्हटलं की हळूहळू पाय पुढे येतो.

पाऊल लालसर जांभळं, चकचकीत, डाव्याच्या दीडपट. तळव्याची कमान बसलेली. हात ठेवला तर चपाती उतरवल्यावर तवा असतो तसं गरम. पावलावरची नाडी शोधावी लागली नाही, बोटाखाली ती धडधडत होती. सडत चाललेल्या पायात ती बहुतेकदा चाचपडत शोधावी लागते. मग बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून पाहिल्या, टाच पाहिली, नखांच्या कडा पाहिल्या. जखम नाही, भेग नाही, साधा फोडही नाही. इतकं इन्फेक्शन हाडापर्यंत गेलं असेल, तर ते शिरलं कुठून?

"डावा बूटही काढा," मी म्हटलं. "तो चांगला हाय," म्हणत त्यांनी काढला. बुटातून एक रुपयाचं नाणं फरशीवर पडलं आणि गोल फिरत टेबलाखाली गेलं. मोज्याला तळाशी भोक होतं. मोजा उतरवला तर पंजाच्या मांसल भागावर त्या नाण्याचा गोल ठसा उमटलेला, कडेची रेघसुद्धा दिसत होती. सुट्टे देताना कधीतरी ते बुटात पडलं होतं आणि त्या नाण्यावर त्यांनी सकाळपासून तीन फेऱ्या केल्या होत्या. मुलगी त्या ठशाकडे नुसती बघत राहिली.

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा केस. डोळे मिटायला सांगून तो मी दोन्ही तळव्यांना दहा-दहा ठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा." ते डोळे मिटून वाट बघत राहिले. एकदाही "लागलं" म्हणाले नाहीत. साखर १६ वर्षांपासूनची.

मी त्यांना टेबलावर आडवं केलं, उजव्या पायाखाली तीन उशा रचल्या आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं काही करायचं नव्हतं. फक्त पाय वर ठेवून थांबायचं.

ही दहा मिनिटं थांबायला शिकायला मला फार वर्षं लागली. एमबीबीएसची साडेपाच, आरोग्य केंद्रात बॉन्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं एक, मग अस्थिरोगात एमएसची तीन. त्या तीन वर्षांत पाऊल हा विषय कुणी वेगळा शिकवल्याचं मला आठवत नाही. एका पावलात २६ हाडं, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी ५२ हाडं दोन पावलांत, पण सगळ्यांचे डोळे खुबा, गुडघा आणि मणक्याकडे. घोट्याचं फ्रॅक्चर म्हणजे "ज्युनिअरला दे, हात बसेल" असा प्रकार. युनिटमध्ये मी एकटीच मुलगी. मला कौतुकानं सल्ला मिळायचा की हाताची सर्जरी कर, नाजूक काम आहे.

पायाचं पहिलं शिक्षण मला प्लास्टर रूममधल्या मामांनी दिलं. जेआर-१, म्हणजे एमएसच्या पहिल्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट असताना मी प्लास्टर बोटांनी दाबून बसवत होते. त्यांनी माझा हात धरला. "बोटं न्हाई मॅडम, तळवा. बोटाचा खड्डा प्लास्टरात राहतो आन् पेशंटला आतून खातो." सहा महिने मी त्यांच्या हाताखाली तळव्यानं प्लास्टर चोळायला शिकले. आज नव्या मुलांनी विचारलं की फूट अँड अँकलची, म्हणजे पाऊल आणि घोट्याच्या सर्जरीची तयारी कुठून करू, तर मी आधी हेच सांगते की प्लास्टर रूम सोडू नका.

जेआर-२ मध्ये एक बाई आल्या होत्या. मंडईत भाजी विकायच्या. असाच पाय: लाल, सुजलेला, एक्स-रेमध्ये मधली हाडं चुरल्यासारखी. इन्फेक्शन ठरलं, गुडघ्याखालून पाय काढायचं ठरलं. ऑपरेशनला पाय धरून मी उभी होते. काढलेला पाय ट्रेमध्ये ठेवताना सरांनी पावलाच्या मधल्या भागात चीर देऊन पाहिली. आत पू नव्हता. एक थेंबही नव्हता. मी ते पाहिलं, आणि विचारलं नाही. पुढची केस टेबलावर घ्यायची होती.

एमएसनंतर दीड वर्ष सिनिअर रेसिडेंट म्हणून काम केलं आणि मग फूट अँड अँकलची वर्षभराची फेलोशिप घेतली. मला खेचलं होतं ते दुर्बिणीतून होणाऱ्या घोट्याच्या शस्त्रक्रियांनी. खेळाडूंचे फाटलेले लिगामेंट, सपाट पायात टाचेचं हाड कापून सरकवणं, वाकड्या अंगठ्याची दुरुस्ती. हे सगळं शिकले आणि आजही आवडीनं करते. पण दुसऱ्याच आठवड्यात मधुमेही पायांच्या क्लिनिकमध्ये सरांनी एका पेशंटचा लाल पाय उशांवर चढवला आणि आम्हाला घड्याळ बघायला सांगितलं. दहा मिनिटांनी लाली ओसरली. "इन्फेक्शनची लाली अशी जात नाही," ते म्हणाले. "हा शार्को."

शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी बधिर झालेल्या सांध्यांची अशी पडझड १८६८ मध्येच लिहून ठेवली होती. मधुमेहाशी तिचं नातं १९३६ मध्ये जॉर्डन यांनी दाखवलं. साखरेनं नसा बधिर होतात. पाय मुरगळतो, बारीकसं हाड मोडतं, कळत नाही. माणूस चालत राहतो. त्या जागी रक्त धावतं, पाय तापतो, हाड मऊ पडतं. मऊ हाडावर तो आणखी चालतो, आणखी मोडतं. दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी खाली बसला असता.

मी क्लिनिकमध्ये उभी होते आणि मला तो ट्रे दिसत होता. त्या बाईंचा पाय वाचलाच असता, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. कधीकधी शार्को आणि इन्फेक्शन एकाच पायात असतात. पण तो पाय दहा मिनिटं उशीवर ठेवून कुणी पाहिला नाही, आणि त्या कुणीमध्ये मी होते.

त्यानंतर मी कुष्ठरोगावर काम करणाऱ्या एका रुग्णालयात काही आठवडे मुद्दाम राहिले. बधिर पायाची विद्या आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या सेवेतून घडली आहे. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगामुळे आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून रोजच्या इजा साठत जातात आणि त्या पाय खातात. घट्ट बसणारं प्लास्टर आणि एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराच्या मऊ चपला त्याच कामातून पुढे मधुमेही पायांपर्यंत आल्या. तिथल्या कारागिरांच्या शेजारी बसून मी चपलेचा तळ कापायला शिकले. माझ्या डिग्रीवर ते कुठे लिहिलेलं नाही, पण रोज उपयोगी पडतं.

दहा मिनिटं झाली. मी काकांच्या पायाजवळ गेले. जांभळट लाली उतरून पाऊल फिकट गुलाबी दिसत होतं. मुलीला बोलावून दाखवलं. रक्ताचे रिपोर्ट पुन्हा चाळले, पांढऱ्या पेशी अगदी नेहमीएवढ्या होत्या. मग त्यांना उभं करून एक्स-रे काढला. पावलाच्या मध्यावरचे सांधे निखळून कमान खाली सरकली होती, दोन हाडं मोडलेली. एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसते ती दोन्ही आजारांत, त्यामुळे रिपोर्टवर इन्फेक्शन लिहिलं गेलं यात मला नवल वाटलं नाही. पाय कुणी हातात घेतला नव्हता, याचं वाईट वाटलं.

"पाय काढायचा नाही," मी म्हटलं. "पण जमिनीवर टेकवायचाही नाही. बरेच महिने."

मुलीनं तोंडावर ओढणी दाबली. काका म्हणाले, "महिने? रजा कुठनं आणू?" आगार व्यवस्थापकांच्या नावानं पत्र मी तिथंच लिहून दिलं.

प्लास्टर मी स्वतः घातलं. घोट्याच्या दोन्ही हाडांवर आणि नडगीवर फेल्ट म्हणजे जाड नमद्याचे तुकडे, बोटांवर फोम, बाकी कापूस अगदी पातळ, कारण जाड कापूस दबला की आत पाय हलतो. ओलं प्लास्टर तळव्यानं चोळत राहायचं, पावलाचा प्रत्येक उंचवटा त्यात बसेपर्यंत. काका आता निमूट पडून होते. उन्हाळ्यानं माझ्या कपाळावरून घाम त्या प्लास्टरवर पडत होता.

पहिलं प्लास्टर पाचव्या दिवशी सैल झालं, इतकी सूज उतरली. मग दर आठवड्याला, पुढे पंधरवड्याला नवं. प्रत्येक वेळी थर्मामीटरनं दोन्ही पावलांचं तापमान मोजायचं. पहिल्या दिवशी फरक ५.२ अंश सेल्सिअसचा होता. दोन अंशांच्या आत येऊन टिकला की आग विझली असं धरतात. तिसऱ्या महिन्यात तो २.४ वर आला आणि चौथ्यात एकदम ४ झाला. भाच्याच्या लग्नात वरातीबरोबर चालले होते, "थोडंसंच". मी त्यांच्यावर रागावले. नंतर वाटलं, ज्या पायातून काहीच कळत नाही तो सांभाळा, हे आपण माणसाकडे मागतो ते फार अवघड आहे.

एकूण सात महिने लागले. कमान बसली ती बसलीच. असे पाय लांब स्क्रू आणि प्लेट घालून उभे करायला मी फेलोशिपमध्ये शिकले आहे आणि काहींना ते करावंच लागतं. त्यांना नाही लागलं. या सात महिन्यांचं बिल गुडघ्याच्या एका सांधारोपणाजवळही जात नाही. म्हणूनच आपल्याकडे या वाटेला मुलं कमी येतात, हे उघड बोलायला हवं. "पायात काय स्कोप आहे?" असं मला ज्युनिअर विचारतात, तेव्हा मी त्यांना सोमवारच्या ओपीडीला बसवते.

काका आता बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतात. मागच्या महिन्यात तपासणीला आले, मापाचे बूट घालून, आत मऊ तळ. फरक ०.८. तपासून झाल्यावर पाय त्यांनी स्वतःच माझ्या मांडीवर थोडा वेळ तसाच राहू दिला. मग बूट उचलला, उलटा करून फरशीवर दोनदा आपटला, हात मनगटापर्यंत आत घालून तळ चाचपला, आणि मुलीकडे दिला. तिनंही हात घालून पाहिला आणि परत दिला. तेव्हा त्यांनी पाय आत घातला.