केड्स कोव्हमधलं बॅप्टिस्ट चर्च

अमेरिकेत टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये केड्स कोव्ह नावाचं खोरं आहे, लोक तिथे अस्वलं बघायला जातात, 11 मैलांच्या लूपवर गाडीतूनच फोटो काढतात नि पुढे सटकतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथल्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट (म्हणजे जुन्या वळणाच्या बॅप्टिस्ट ख्रिस्ती पंथाच्या) चर्चपाशी गाडी लावा आणि आत जाऊन जरा बाकावर बसा.

बाहेरून पांढरा रंग, आत मात्र भिंतींना, छताला कसलाच रंग नाही, नुसत्या उघड्या फळ्या. रंगीत काचा नाहीत, ऑर्गन नाही. वाद्य तर मुद्दामच नाही, कारण बायबलच्या नव्या करारात उपासनेत वाद्यं वाजवल्याचं कुठे लिहिलेलं नाही मग आपण का वाजवायची, असा या मंडळींचा सरळ हिशोब, त्यामुळे गाणं नुसतं गळ्यानं. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून हे लोकही उपासनेत एकमेकांचे पाय धुतात. मान वर केलीत तर छताच्या फळ्यांवर हातांचे ठसे दिसतील, लाकूड ओलं असताना बांधणाऱ्यांनी हाताळलं त्याचे ते डाग असं सांगतात. मला ते ठसे बघून फार भरून आलं, एवढ्या साध्या इमारतीत तेवढीच काय ती नक्षी.

मंडळी, म्हणजे इथल्या उपासकांचा संघ, स्थापन झाली 1827 मध्ये, 1832 ला ओंडक्यांचं चर्च उभं राहिलं, त्यावर पन्नासेक वर्षं निभावली आणि आत्ताची इमारत 1887 ची. पण मधल्या काळात इथे मोठं भांडण झालं. तारण कुणाचं होणार हे देवानं आधीच ठरवलंय, मग मिशनरी पाठवायचे कशाला, असं जुन्यांचं मत, काहींना ते पटेना, शेवटी 1839 मध्ये मिशनच्या बाजूच्या लोकांना मंडळीबाहेर काढलं आणि त्यांनी वेगळी मिशनरी बॅप्टिस्ट मंडळी काढली. आपल्याला हा वाद लांबचा वाटतो पण तसा तो नाहीये, बॅप्टिस्टांची पहिली मिशन सोसायटी 1792 ला इंग्लंडमध्ये निघाली ती विल्यम कॅरीच्या पुढाकारानं, आणि याच कॅरीने पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं! म्हणजे केड्स कोव्हच्या जुन्या मंडळीचं सगळ्यांनी ऐकलं असतं तर ते व्याकरण काही निघालं नसतं.

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात तर उपासनाच बंद पडली. आम्ही युनियनच्या (उत्तरेच्या) बाजूचे होतो आणि इथे बंडखोरांचा (दक्षिणेच्या लोकांचा) जोर फार होता म्हणून सभा भरवता आल्या नाहीत, असं मंडळीनं नंतर स्वतःच लिहून ठेवलंय. मागच्या दफनभूमीत कोव्हमधल्याच रसेल ग्रेगरी नावाच्या रहिवाशाचा दगड शोधा, नॉर्थ कॅरोलिनाच्या बंडखोरांनी त्याचा खून केला असं त्यावर कोरलंय.

पार्क झाल्यावर वस्ती उठत गेली, मिशनरी मंडळी 1944 ला बंद झाली. त्यांचं 1915 च्या सुमाराचं चर्च लूपवर पुढे लागतं, मध्ये एक मेथडिस्ट चर्चही आहे, तिन्ही एकाच फेरीत बघून होतात. दोन बॅप्टिस्ट चर्चेस मात्र लागोपाठ नीट निरखून बघा, तीच पांढरी फळी, तोच साधेपणा, एवढं भांडून वेगळे झालेले लोक पण बांधायची रीत दोघांची एकच राहिली.