पत्र कोणी लिहिलं मंग?

आमच्या परभणीत कोजागरी म्हणजे गच्ची. दसरा झाला की मंडळाची मीटिंग, घरटी वर्गणी, दूध कोण आटवणार, मुरमुरे भिजवून सुशीला कोण करणार (शेंगदाणे कमी पडले म्हणून दरवर्षी तीच बोंब), आणि सगळ्यात शेवटचा, सगळ्यात जास्त भांडणाचा विषय म्हणजे पिच्चर कोणता. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर मांडववाल्याकडचा पांढरा पडदा बांधायचा, एका क्लासवाल्याचा प्रोजेक्टर आणायचा, लेकरं पुढं सतरंजीवर, काकू-वहिनी मधी आणि बाप्ये मागं कठड्याला टेकून, म्हणजे उठून खाली तंबाखू मळायला जाता येतं. पौर्णिमेचा चंद्र जसजसा वर येतो तसतसा पडदा फिका पडतो, हे दरवर्षी पिच्चर चालू झाल्यावरच सगळ्यांच्या लक्षात येतं.

एरवी विनोदी मराठी पिच्चर, डायलॉग सगळ्यांना पाठ, हसायचं कुठं ते पण पाठ. पण एका वर्षी पहिल्या मजल्यावरच्या पोरानं, तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, जबाबदारी घेतली आणि 'ब्रोकन फ्लॉवर्स' आणला. 2005 चा अमेरिकन पिच्चर, दिग्दर्शक जिम जार्मुश, हिरो बिल मरे. कान फेस्टिव्हलला ग्रां प्री मिळालाय असं त्यानं मीटिंगमधी सांगितलं, आणि बक्षीस मिळालंय म्हणल्यावर कोण नाही म्हणणार.

गोष्ट सांगायला सोपी आहे. डॉन नावाचा एक उतरत्या वयाचा माणूस, कॉम्प्युटरच्या धंद्यात पैसा कमावलेला, लग्न केलेलं नाही, आयुष्यभर बायांच्या मागं. पिच्चर सुरू होतो तेव्हाच सोबतची शेरी बॅग घेऊन चाललीय आणि त्याच दिवशी गुलाबी कागदावर टाइप केलेलं एक बिनसहीचं पत्र येतं, की तुला एकोणीस वर्षांचा मुलगा आहे आणि तो बहुतेक तुला शोधायला निघालाय. शेजारी विन्स्टन, त्याला गुप्तहेरी कथांचं लई वेड, तो विमानाची तिकिटं, गाडी, हॉटेल सगळं बुक करून देतो, वर सांगतो की हे पत्र तुझ्या जुन्या मैत्रिणींपैकीच कोणाचं तरी असणार, तवा प्रत्येकीकडं गुलाबी फुलं घेऊन जा आणि घरात टाइपरायटर दिसतो का बघ. मग हा जातो. एकेकीकडं. बस.

पोरगा भजनाचा माइक घेऊन बसला होता, इंग्रजी ऐकायचं आणि परभणीच्या भाषेत सांगायचं. आता बिल मरे त्या पिच्चरमधी ट्रॅकसूट घालून सोफ्यावर नुसता बसलेलाच असतो बराच वेळ. मिनिट झालं, काहीच नाही. मागून आवाज आला, "माइक बंद पडला का रे?" माइक चालू होता, तिकडं कोणी बोलतच नव्हतं. विन्स्टननं दिलेली सीडी डॉन गाडीत लावतो, इथिओपियाच्या मुलातू अस्तातकेचं संगीत आहे ते, नागपंचमीला पुंगीवाला आल्यासारखी धून, तेवढी मात्र लेकरांना आवडली आणि ती उठून नाचायला लागली.

पहिली मैत्रीण लॉरा. तिची पोरगी घरात अंगावर कपडा नसताना फिरते, हे पोराला माहीत होतं आणि तो तयारीत होता, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण त्यानं आधीच जवळ घेऊन ठेवलं होतं. बरोबर वेळेला झाकण लेन्सपुढं धरलं. पडदा काळा, आणि पूर्ण गच्चीवर फक्त त्याचा माइकवरचा आवाज, "आता ती आत गेली... थांबा... गेली." काकू लोकांना हसू आवरेना. झाकण काढलं तेव्हा त्याच्या खालच्या बाजूची साय त्याच्या शर्टावर.

दुसरी डोरा, नवऱ्यासोबत घरं विकायच्या धंद्यात. त्या तिघांचं जेवण. ताटलीत मोजून वाढलेलं, कोणी धड बोलत नाही, आणि काय सांगू, त्या सीनला आमच्या गच्चीवर पण एकदम शांतता झाली. बँकेतले काका मागून हळूच म्हणाले, "पाहुण्याला आग्रह करायची रीत नाही का यांच्यात?" माझ्या मते पिच्चरमधला सगळ्यात भारी सीन तो, आणि सगळ्यात भारी परीक्षण पण तेच. तिसरी कार्मेन जनावरांशी बोलते, तिथं सगळे मोकळं हसले. चौथी पेनी गावाबाहेर राहते, तिला मुलाचं विचारल्यावर ती भडकते आणि तिथली माणसं याला बुकलतात, तेव्हा मात्र मागच्या बाप्यांनी टाळ्या वाजवल्या, कामून वाजवल्या ते त्यांनाच ठाऊक. पाचवी वारलेली. तिच्या कबरीवर फुलं ठेवतो.

आणि मग शेवट. गावात परतल्यावर पाठीवर बॅग लावलेलं एक पोरगं दिसतं, याला वाटतं हाच. त्याला सँडविच घेऊन देतो, बोलता बोलता म्हणतो की तुला वाटत असेल मी तुझा बाप आहे. पोरगं घाबरून पळतं. हा चौकात रस्त्याच्या मधी उभा, एक गाडी जाते, तिच्या खिडकीतून दुसरंच एक पोरगं याच्याकडं बघतं, कॅमेरा याच्याभोवती फिरतो आणि पाट्या सुरू.

"दुसरी सीडी लाव की," कोणीतरी म्हणालं.

दुसरी सीडी नव्हतीच. मग जो कालवा झाला म्हणता. दूध उकळून वर यायला लागलं तरी कोणाचं लक्ष नाही. एक निवृत्त सर म्हणाले वर्गणी परत द्या, कोडं घालायचं आन उत्तर द्यायचं नाही, ही फसवणूक आहे. एक दादा म्हणाले विन्स्टननंच लिहिलं, शेजारच्याला सोफ्यावरून उठवायला (आमच्या कॉलनीत असले विन्स्टन बरेच आहेत त्यामुळं लगेच चार जणांनी माना डोलावल्या). पण खरी वकिली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी केली. त्यांचं म्हणणं, शेरीनंच लिहिलं, कारण शेवटी तिचं जे पत्र येतं त्याचा कागद पण गुलाबीच आहे, "तुम्ही समदे खाली तंबाखूला गेलता, मी बघायले होते." कोणाकडंच उत्तर नव्हतं.

यावर एक वहिनी, एरवी सभेत कधी न बोलणाऱ्या, दुधाचे ग्लास वाटता वाटता म्हणाल्या, "पत्राचं सोडा हो. चौघींपैकी एकीनं तरी त्याला पुन्हा ये म्हणलं का?" मला विचाराल तर पिच्चर तिथं आहे, मुलगा सापडतो का नाही त्यात नाहीच. फुलं घेऊन जाणारा माणूस त्या बायांच्या आयुष्यात आता कोणीच नाही, त्यांचं त्याच्याशिवाय बरं-वाईट जसं चालायचं तसं चाललंय. संथ आहे म्हणून लोक चिडले असं म्हणतात, मला पटत नाही, कीर्तन काय फास्ट असतं का. दिग्दर्शक आपल्याला सांगायला बांधील नाही, हे पचत नव्हतं.

पुढच्या वर्षी मीटिंगमधी ठराव झाला, पिच्चरला शेवट पाहिजे. लेखी. पोराचं नाव समितीतून काढलं, पातेल्याचं झाकण मात्र प्रोजेक्टरच्या सामानात कायमचं गेलं.

मधी एकदा मी वाचलं की त्या गाडीतून बघणारं पोरगं म्हणजे बिल मरेचाच खराखुरा मुलगा होमर. कोजागरीला दूध ढवळत असलेल्या काकूंना मुद्दाम जाऊन सांगितलं, म्हणलं अहो नुसतं नट म्हणून घेतलंय त्याला, गोष्टीतला मुलगा तोच असं काही सिद्ध होत नाही. काकूंनी पळी तशीच हातात धरून अख्ख्या गच्चीला ओरडून सांगितलं, "ऐका रे, ते गाडीतलं पोरगं त्याचंच होतं, कागदोपत्री!" मी पुढं काय बोलतोय ते कोणी ऐकेचना.