तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर, तुम्हाला टेन्शन येत नाही का?

लग्नात, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगला, मी नर्स आहे कळलं रे कळलं की हा प्रश्न ठरलेला, रोज एवढं सगळं बघता, टेन्शन येत नाही का हो? येतं की. फक्त लोकांना वाटतं रक्त आणि मरण बघून येतं, तसं नाहीये, त्याची सवय होते, खरंच होते. जीव खातं ते अर्धवट राहिलेलं काम. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबाने टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स हवी, आयसीयूत एकाला एक. आता नाइटला कुठल्याही सरकारी वॉर्डात जाऊन बघा, खाली गाद्या टाकून पेशंट झोपलेले आणि एकटी सिस्टर.

त्यामुळे १२ मेला, परिचारिका दिनाला, तणावमुक्तीचं लेक्चर ठेवतात (तेही नाइट करून आलेल्यांना थांबवून!) तेव्हा माझं डोकंच फिरतं. दीर्घ श्वास घ्या म्हणे. अहो, जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउट (कामाने पार पिळून निघणं) घातलं ते आजार म्हणून नाही, कामाच्या जागेशी जोडलेली गोष्ट म्हणून, मग औषध एकट्या सिस्टरनेच का घ्यायचं?

तरी माझं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नीट हॅन्डओव्हरचा, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची सगळी माहिती पुढच्या सिस्टरच्या हाती देण्याचा. काउंटरवर बसून नाही, बेडपाशी उभं राहून घ्यायचा आणि द्यायचाही. नॉरअ‍ॅडचा (बीपी टिकवून धरणारं औषध) पंप चालू आहे तर सिरिंजमध्ये किती एमएल उरलंय, ताशी किती जातंय, म्हणजे संपणार कधी, पुढची भरून ठेवलीय का, सलाइनचा हात सुजलाय का, नातेवाइकांना डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलंय, सगळं बोलून मोकळं व्हायचं. नाहीतर घरी कुकर लावताना आठवतं, दोनच्या अँटिबायोटिकची सही केली का मी? की लगेच वॉर्डात फोन, आणि मग ड्युटी संपतच नाही, घरातही चालूच राहते.

दुसरं म्हणजे स्वतःवर लक्ष. थकवा सगळ्यांनाच असतो, पण एखाद्या म्हातारीने तिसऱ्यांदा 'माझा मुलगा आला का गं' विचारलं आणि आपण मान वर न करता तोडून टाकलं, आणि त्याचं काही वाटलंही नाही, की समजायचं पाणी डोक्यावरून चाललंय. तेव्हा मी सरळ रजा टाकते किंवा जुन्या मैत्रिणीशी बोलते. तेवढ्याने भागलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि डबल ड्युटीला नाही म्हणायला शिकले. इन्चार्ज सिस्टर दोन दिवस तोंड फुगवतात, ते चालतं. खटकतं वेगळंच, मी नाही म्हटलं की ती ड्युटी कॉन्ट्रॅक्टवरच्या नव्या पोरीच्या गळ्यात पडते, तिला नाही म्हणायची सोयच नसते. आता यावर मी काय सांगू, रिकाम्या जागा भरा म्हणावं.