खिम्याला सुटणारं पाणी

‘तव्यावर दहा मिनिटांत बीफ’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाने एकदा पावसाळ्यात रत्नागिरीत यावं आणि इथल्या दुकानातला बड्याचा खिमा दहा मिनिटांत परतून दाखवावा.

आमच्याकडे बडं म्हणजे म्हैस किंवा रेडा. गाय १९७६च्या कायद्यानेच बंद होती, २०१५च्या दुरुस्तीने बैलही बंद झाले. म्हशीच्या मांसाला चरबी कमी, त्यामुळे परदेशी कृतीत ‘तेल घालू नका, चरबी सुटेल’ असं लिहिलेलं असतं ते विसरा. दोन चमचे तेल लागतंच.

साखर वाढली, डॉक्टरांनी रात्रीचा भात आणि पाव बंद केला. कोकणातल्या माणसाला भात बंद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मग खिमा आणि कोबी, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या तव्यावर. बटाटा नाही. शंभर ग्रॅम बटाट्यात सतराएक ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच कोबीत सहाच्या आसपास आणि त्यातलाही बराच भाग चोथा. मांसात जवळजवळ शून्य. हिशेब सोपा होता, कृतीही सोपी होती. अडलं ते पाण्यापाशी.

खिमा तव्यावर पडला की मिनिटभर छान चुर्र होतं आणि मग चारी बाजूंनी पाणी सुटतं. खिमा करडा पडतो, पेजेत शिजल्यासारखा गदगदतो, घरभर उकडलेल्या मांसाचा वास. तव्यात पाणी आहे तोवर खिमा शंभर अंशांच्या वर जात नाही आणि मांस खरपूस व्हायला निदान १४० अंश तरी लागतात. म्हणजे पाणी आटेपर्यंत नुसतं उभं राहायचं. तोवर मांस चामट.

याचं मूळ दुकानात आहे, असं माझं ठाम मत. रविवारच्या गर्दीत मी सांगतो, ‘मामू, खिमा धुऊ नका.’ मामू मान डोलावतात आणि खिमा चाळणीत घालून नळाखाली धरतात! विचारलं तर म्हणे, ‘न धुतलेला कोण नेतो, भाई?’ मागच्या रांगेतले माझ्याकडेच बघतात. वजनही धुतल्यावर होतं, म्हणजे पाण्याचेही पैसे आपणच मोजायचे. कणाकणात शिरलेलं ते पाणी नुसतं हाताने पिळून पुरतं निघत नाही. आता मी खिमा मागतच नाही. मांडीचा अख्खा तुकडा घेतो, वजन आधी करवतो, धुवायचं तर तुकडा धुवून घेतो, समोर फडक्याने पुसवतो आणि मगच जाड जाळीतून एकदाच काढून घेतो. मामू वैतागतात. वैतागू देत.

धुतलेला खिमा गळ्यात पडलाच तर सुती पंचात घट्ट पिळायचा, ताटात पातळ पसरून तासभर फ्रिजमध्ये उघडा ठेवायचा. बराच सुकतो.

तवा धूर निघेपर्यंत तापवायचा. अर्धा किलो एकदम टाकायचा नाही, दोन घाण्यांत करायचा. मीठ सुरुवातीला नाही, त्यानेही पाणी सुटतं. आणि हात आवरायचा! खिमा दाबून पसरला की तीन मिनिटं उलथनं लावायचं नाही. खदखद थांबून कोरडी चरचर ऐकू आली की खालची बाजू तांबूस झाली समजा. मग उलटा, फोडा, दोन्ही घाणे एकत्र करा. खिम्यात बाहेरचं-आतलं सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे कुठेही गुलाबी कण राहू द्यायचा नाही.

पुढे आलं-लसूण, हिरवी मिरची, हळद, गरम मसाला, मीठ, कोथिंबीर. यात सांगण्यासारखं काही नाही. कोबी बारीक चिरून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, नाहीतर त्याचंही पाणी. मूठभर ओलं खोबरं चालतं.

आमसुलं मात्र तव्यात नकोत. बिडाला आंबट लागलं की लोखंडाची चव उतरते. लिंबू ताटात पिळा.

हे आधी सांगायला हवं होतं: इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-भाकरी एकदम तोडू नका, साखर खाली जाते.

कोरडा खिमा हाताशी असला की सगळं वीसेक मिनिटांत होतं. अम्मीचं म्हणणं, ‘रस्साच नाही तर खायचं कशाशी?’ ती तांदळाची भाकरी घेऊन बसते. तिची साखर नॉर्मल आहे, त्यामुळे मला बोलता येत नाही.

तवा रात्रभर मोरीत ठेवू नका. आमच्या हवेत सकाळपर्यंत गंज धरतो. लगेच धुवा, गॅसवर कोरडा करा, तेलाचा बोळा फिरवा.