डीबगर लॉग: ३.७ काढला, आणि सातपूरहून फोन आला

मागच्या वेळी म्हणालो होतो की माझ्या डीबगरमधून (चालू प्रोग्राम मध्येच थांबवून चूक शोधायचं टूल) पायथन ३.७चा सपोर्ट काढायचाय, तर काढला एकदाचा. ३.७ला पायथनवाल्यांनीच जून २०२३ मध्ये निरोप दिलाय, मीच आपला धरून बसलो होतो.

खरं कारण एकच. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम कुठे थांबवायचा ती खूण) घालायला माझा डीबगर चालू फंक्शनच्या कोड ऑब्जेक्टची, म्हणजे पायथन चालवतो त्या तयार कोडची, बदललेली कॉपी बनवतो. ३.८ पासून त्याला रिप्लेस नावाची मेथड आहे, जे बदलायचं तेवढंच सांगायचं, बाकीचं ते बघतं. ३.७ मध्ये तसं काही नाही, पंधराच्या पंधरा आर्ग्युमेंट्स हाताने आणि ओळीने द्यायच्या. त्यात एनलोकल्स (लोकल व्हेरिएबल किती) आणि स्टॅकसाइझ (स्टॅकला जागा किती) शेजारी शेजारी, दोन्ही साधे आकडे, माझी एकदा अदलाबदल झाली आणि ना एरर ना ट्रेसबॅक, प्रोसेस सरळ आडवी. डीबगरच क्रॅश झाल्यावर डीबग कशाने करायचं? दोन रात्री गेल्या त्यात. तो सगळा भाग परवा उडवला, त्याच्या टेस्टसकट, आणि त्याच झोकात दोनचार ठिकाणी वॉलरस ऑपरेटर (:= हे चिन्ह) पण वापरला, तो पण ३.८चाच.

डीबगरचं ०.९ व्हर्जन पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं ऑनलाइन भांडार) अपलोड केलं, जेवलो, झोपलो.

सकाळी कॉलेज रोडला मिसळ समोर आली आणि मित्राचा फोन. त्याचं सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, तिथल्या विंडोज ७च्या पीसीवरून सिरियल केबलने सीएनसीला (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं मशीन) प्रोग्राम पाठवायची स्क्रिप्ट मीच लिहून दिलेली, ३.७ वर. "अरे तुझं ते टूल टाकलं परत, इन्व्हॅलिड सिंटॅक्स म्हणतंय, मी तर काहीच लिहिलं नाही." टूल म्हणजे हाच डीबगर. फोटो पाठवला, तर बाण बरोबर माझ्या वॉलरसकडे.

चूक शंभर टक्के माझी. जुना कोड काढला पण पायप्रोजेक्ट फाइलमध्ये (पॅकेजची माहिती असते ती) रिक्वायर्स-पायथनची ओळ टाकायलाच विसरलो. ती ओळ असली की पिप (पॅकेज उतरवणारं टूल) स्वतःच बघतं की या पायथनला कुठलं व्हर्जन चालेल आणि तेवढंच उतरवतं, नसली की सगळ्यात नवीन गळ्यात मारतं. बरं, एकदा पायपीआयवर चढलेल्या फाइलमध्ये नंतर काही बदलता येत नाही. मग ०.९ यँक केलं (म्हणजे डिलीट नाही, कोणी नेमकं तेच मागितलं तरच मिळतं), ओळ टाकून ०.९.१ चढवलं, आणि त्याला म्हटलं आता परत इन्स्टॉल मार. गपचूप ०.८.३ उतरलं आणि चाललं. मिसळ गार झालेली.

त्याला म्हटलं ३.८ टाकून घे, विंडोज ७वर चालणारं शेवटचं तेच, ३.९ तिथे चालतच नाही. तर म्हणे, "चालू मशीनला हात लावायचा नाही भाऊ, ऑर्डर आहे." बरोबर आहे त्याचं. ०.८ची ब्रँच ठेवलीय, पण त्यात आता नवीन काही येणार नाही, फारच मोठा बग निघाला तर बघू.

पुढचं काम सिस मॉनिटरिंगचं, चालू प्रोग्रामवर नजर ठेवायची पायथनची नवी सोय, ३.१२ मध्ये आलीय. सेटट्रेसमध्ये (त्याच कामाची जुनी सोय) ब्रेकपॉइंट असलेल्या फंक्शनच्या प्रत्येक ओळीला माझं फंक्शन बोलावलं जातं, इथे नको असलेल्या ओळीला डिसेबल सांगितलं की ती परत त्रास देत नाही. पण ३.८ ते ३.११ साठी सेटट्रेस ठेवावंच लागणार, म्हणजे दोन रस्ते सांभाळा.

आणि सगळ्यात घाण जुगाड अजून तसाच आहे, थांबलेल्या फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलची व्हॅल्यू बदलायला सीटाइप्समधून (पायथनमधून सी भाषेतला कोड बोलवायचं मॉड्यूल) इंटरप्रिटरच्या पोटात हात घालावा लागतो तो. ३.१३ मध्ये एफ-लोकल्समध्ये (थांबलेल्या फंक्शनच्या लोकल व्हेरिएबल्सची यादी) लिहिलं की थेट बदलतं. त्या जुगाडावर कमेंट टाकून ठेवलीय, "३.१२ गेल्यावर काढणे". ३.१२ जाणार ऑक्टोबर २०२८ला.